अनामत मतं

लंडनच्या ग्रीन लेन्सवर जेवायला जाताना आपण सरसकट ‘टर्किश हॉटेल’ म्हणतो. तिथले बरेच मालक कुर्द असतात, हे मला फार उशिरा कळलं. आज त्यांच्या देशातल्या मतदारांबद्दल थोडंसं.

तुर्कस्तानात १९८३पासून नियम होता: देशभरात १० टक्के मतं नसतील, तर पक्षाला संसदेत एकही जागा नाही. अपक्षांना ही अट नव्हती, म्हणून कुर्द नेते अपक्ष उभे राहायचे. जून २०१५मध्ये मात्र सेलाहत्तिन देमिर्ताश यांच्या एचडीपीने पक्ष म्हणून उडी घेतली. ९.९ टक्क्यांवर अडकले असते, तर कुर्द भागातल्या त्यांच्या बहुतेक जागा आयत्याच एर्दोआन यांच्या पक्षाला गेल्या असत्या.

हे गणित इस्तंबूल-इझमीरच्या तुर्क मतदारांनीही केलं. कुर्द पक्षाकडे कधी ढुंकूनही न पाहिलेल्या अनेकांनी, एर्दोआनना रोखायला म्हणून, तिथे शिक्का मारला. अशा मतांना तिकडे ‘एमानेत’ म्हणतात. ओळखीचा वाटतो ना शब्द? आपलं ‘अनामत’ तेच, मूळ अरबी. शिवाय कोबानीच्या वेढ्यात सरकार हात बांधून बसलं म्हणून चिडलेले धार्मिक वळणाचे कुर्दही आले. एचडीपीला १३ टक्के मतं, ८० जागा! एर्दोआन यांच्या पक्षाचं बहुमत २००२नंतर पहिल्यांदाच गेलं.

अनामत टिकली पाच महिने. बॉम्बस्फोट झाले, पीकेके आणि सैन्य यांच्यात पुन्हा लढाई पेटली. नोव्हेंबरच्या फेरनिवडणुकीत सुमारे ९ लाख मतं गेली, जागा ५९ उरल्या. म्हणजे मन बदललंच नव्हतं? मी इतकं कडक बोलणार नाही. पण एकदा दिलेलं मत म्हणजे हक्कांना पाठिंबा, असंही नाही.

पुढचं मला जास्त बोचतं. २०१६मध्ये खासदारांचं कायदेशीर संरक्षण काढायला विरोधातल्या सीएचपीच्याही अनेकांनी साथ दिली. त्याच वर्षी देमिर्ताश तुरुंगात गेले. आणि २०१९ला इस्तंबूलच्या महापौरपदासाठी एचडीपीने उमेदवारच दिला नाही. कुर्द मतं मोठ्या प्रमाणात त्याच सीएचपीच्या एकरेम इमामोलूंना पडली. पहिल्यांदा ते जेमतेम १३-१४ हजारांनी जिंकले. निकाल रद्द करून जूनमध्ये पुन्हा मतदान घेतलं, तेव्हा फरक होता सुमारे ८ लाखांचा. देमिर्ताश तेव्हाही तुरुंगातच होते.