ड्रायव्हर तोच होता

गाडी हरली की आपल्याकडं पहिलं वाक्य ठरलेलं, 'पोरगं ढिलं पडलं.' कोल्हापूरचे ड्रायव्हर कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेले, तेव्हापासून इथं शर्यतीवर बोलणारे वाढलेत. पण बोलणं काही स्टिअरिंगच्या पुढं सरकत नाही.

आता बघा. फॉर्म्युला वनमध्ये रेड बुल संघानं 2023 मध्ये 22 पैकी 21 शर्यती मारल्या. 2024 च्या मे महिन्यात गाडीचा आराखडा करणारे एड्रियन न्यूई संघ सोडणार हे जाहीर झालं आणि त्याच आठवड्यात मायामीत मॅक्लारेनचा नॉरिस जिंकला. जूननंतर रेड बुलचा ड्रायव्हर व्हर्स्टापेन याला सलग दहा शर्यतींत विजय नाही. संघ तिसरा आला. आणि वैयक्तिक अजिंक्यपद कुणाला? व्हर्स्टापेनलाच! म्हणजे ड्रायव्हर तोच होता.

न्यूईंच्या आधी त्यांच्याच संघातले अभियंते रॉब मार्शल रेड बुल सोडून मॅक्लारेनला गेले. हे नाव तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? तालमीचा मोठा वस्ताद गेला तर गल्लीभर चर्चा होते. पण पहाटे पट्ठ्यांना उठवणारा, त्यांच्या खुराकावर नजर ठेवणारा गेला तर कुणाला पत्ताच नसतो. शड्डू तसाच घुमतो. पुढच्या हंगामात मैदानात कळतं.

तालमीचंच पुढं नेतो. लाल मातीत आपली पोरं कुणाला ऐकत नव्हती. मग गादी आली, सहा मिनिटांची कुस्ती आली, गुणांचा हिशेब आला. रग तीच, डाव तेच, पण विनोद चौगुलेंनंतर महाराष्ट्र केसरीची गदा कोल्हापुरात यायला 2022 उजाडलं, पृथ्वीराज पाटील यावे लागले. एकवीस वर्षं! मर्सिडीज संघाचं तेच झालं. 2014 ते 2021, सलग आठ वर्षं संघाचं अजिंक्यपद. 2022 ला गाडीच्या तळाचे नियम बदलले आणि ही गाडी सरळ रस्त्यावर आदळत-आपटत उड्या मारायला लागली. बाकूच्या शर्यतीनंतर त्यांचा ड्रायव्हर हॅमिल्टन पाठ धरून कसाबसा खाली उतरला. वर्षभरात एकच विजय, तोही त्याचा जोडीदार रसेलचा. फेरारीनं 2004 मध्ये 18 पैकी 15 जिंकल्या. पुढच्या वर्षी शर्यतीत टायर बदलायचे नाहीत असा नियम आला आणि विजय एक, तोही इंडियानापोलिसला, जिथं सहाच गाड्या धावल्या. फेरारीचा ड्रायव्हर शूमाकर तोच होता. परत सांगतो, तोच होता!

शिवाय जिंकणाऱ्याची मेहनतही कापतात. वाऱ्याच्या बोगद्यात गाडी तपासायला पहिल्या आलेल्या संघाला ठरल्या वेळेच्या 70 टक्के, दहाव्याला 115. म्हणजे गदा मिळाली की जोर-बैठका कमी! हे रास्त की कसं, यावर वेगळं बोलायला हवं. खर्चाच्या मर्यादेचा विषय तर राहिलाच, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचा हात हलायला लागलाय. मार्शलांचं नाव तेवढं लिहून ठेवा.