पहिला दिवस : वर्धा ते निर्मल
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या एका सदस्य भगिनीने केलेले भाषण)



मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, पण तिथं पाठीशी फळा असतो, धीर येतो. इथं तसं काही नाही. समितीनं सांगितलं, "मॅडम, तुम्ही एकट्या गाडी घेऊन कन्याकुमारीला गेलात, त्याबद्दल बोला." सगळा प्रवास सांगत बसले तर जेवणं थंड होतील. म्हणून फक्त पहिल्या दिवसाचं सांगते. जे काय ठरायचं होतं, ते त्याच दिवशी ठरलं.

आमच्या ह्यांनी गाडी घेतली तीच मुळी रिटायर झाल्यावर दोघांनी कन्याकुमारीला जायचं म्हणून. मग त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. गाडी दीड वर्ष कव्हर घालून पार्किंगमध्ये उभी होती, तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. एक दिवस हे म्हणाले, "विकून टाकू." गिऱ्हाईकही येऊन पाहून गेलं. मी म्हटलं, "थांबा जरा. मी शिकते."

शिकले. वय सत्तावन्न. पण माझी धाव सेवाग्राम, पवनार, फार तर हिंगणघाट. आणि तेही हे डाव्या सीटवर बसून "ब्रेक! ब्रेक!" म्हणत असताना. माझी भाची अमेरिकेत असते. ती एकटीच गाडी घेऊन चार-चार दिवस भटकते. ती फोनवर म्हणाली, "मावशी, पहिला दिवस काढ फक्त." मग मी ठरवलं, पहिल्या दिवशी हैदराबाद गाठायचं. साडेचारशे किलोमीटरहून थोडं जास्त.

डिसेंबरची सकाळ, धुकं. ते विरेपर्यंत साडेसात वाजले. हे काठी टेकत खाली आले आणि चारही टायरची हवा स्वतः पाहिली. हवा टायर थंड असतानाच तपासायची, हे त्यांचं ठाम मत, आणि ते बरोबर आहे. वॉचमनदादांनी गेट उघडलं आणि विचारलं, "मॅडम, एकट्याच चालल्या का जी?" मी नुसतीच मान हलवली. आवाज फुटत नव्हता.

वायगावमार्गे हिंगणघाटपर्यंत ओळखीचा रस्ता. कापसाचे दिवस, ट्रॉल्या रुईनं पांढऱ्या झालेल्या. एका ट्रॉलीच्या मागं मी पाच किलोमीटर तशीच गेले, ओव्हरटेक करायची हिंमत होईना. हिंगणघाटला हायवे लागला. पूर्वीचा ७ नंबर, वाराणसी ते कन्याकुमारी. आता तो ४४ नंबर, श्रीनगरपासून निघतो. तिथून कन्याकुमारीपर्यंत रस्त्याचा नंबर बदलत नाही. कागदावर हे किती सोपं वाटतं! पण दोन मोठे ट्रक दोन्ही अंगांनी गेले आणि माझी छोटी गाडी हलली, तेव्हा मी घाबरले. एका टपरीजवळ गाडी बाजूला घेतली. हात थरथरत होते. समोरच दुभाजकात वळायची जागा दिसत होती. वळलं की तासाभरात घरी.

ह्यांना फोन लावला. खरं सांगते, त्यांनी "परत ये" म्हणावं म्हणूनच लावला होता. हे म्हणाले, "पाणी प्यायलीस का?" मी म्हटलं, नाही. "आधी पाणी पी. चहा घे. मग ठरव." बस, एवढंच. मी चहा घेतला. आणि गाडी पुढे काढली.

वडनेर मागे पडलं. वर्धा नदीचा पूल ओलांडला आणि आपला जिल्हा संपला. पुढे एका टोलनाक्यावर फाटक उघडेना. फास्टॅगमध्ये पैसेच नव्हते, भरायचे मीच विसरले होते. मागून हॉर्नवर हॉर्न. ह्यांनी घरबसल्या रिचार्ज केला. तेव्हा बायांनो, निघण्याआधी ते बघून घ्या, आणि हायवेवरच्या मदतीसाठी १०३३ हा नंबर लिहून ठेवा. पांढरकवडा, मग पैनगंगा. पलीकडे तेलंगणा, पाट्या तेलुगू. आदिलाबादला जेवायला थांबले तर शेजारच्या टेबलावर मराठी चालू होतं. इतकं बरं वाटलं!

मी काटा साठच्या वर जाऊ दिला नाही. निर्मलला पोचायला साडेतीन वाजले. हैदराबाद अजून दोनशे किलोमीटरच्या वर. हिशेब सोपा होता, पोचायला अंधार होणार. आणि अंधारात चालवायचं नाही, असा शब्द मी ह्यांना दिला होता. पण मन म्हणत होतं, पहिल्याच दिवशी हरलीस.

तेव्हा मला विनोबा आठवले. आपल्या पवनारचे. १९५१ च्या मार्चमध्ये ते इथून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. वय पंचावन्न, अंतर सुमारे तीनशे मैल, वेळ लागला महिनाभर. गणिताच्या बाईनं भागाकार केला : दिवसाला दहा मैल. पुढे १८ एप्रिलला पोचमपल्लीत शंभर एकर जमीन मिळाली आणि भूदान सुरू झालं. रोज दहा मैल चालणारा माणूस संध्याकाळी थांबायचाच ना? मग मी थांबले तर काय बिघडलं? मी लॉजची खोली घेतली.

निर्मल लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. संध्याकाळी बाजारात जाऊन एक रंगीत पोपट घेतला. तो अजून गाडीत समोरच असतो, तुमच्या मुलांनी पाहिला आहे.

रात्री फोन केला. म्हटलं, हैदराबाद नाही जमलं, निर्मललाच थांबले. हे थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं केलंस. मी दिवसभर इथं पलंगावर बसून ब्रेक दाबत होतो, पाय दुखून आला." आम्ही दोघं खूप हसलो. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "त्या गिऱ्हाईकाला मी नाही म्हणून कळवून टाकलंय."

पुढचे दिवस चांगले गेले, कन्याकुमारीला सूर्योदयही पाहिला. पण मी गेले ती तुमच्या भरवशावर. खालच्या वहिनींनी रोज ह्यांचा डबा दिला, समोरच्या दादांनी दवाखान्यात नेलं, पोरांनी औषधं आणून दिली. पंचवीस वर्षांत आपण इमारत बांधली, पाण्याची टाकी बांधली, सगळं या अंकात येईलच. हेही त्यात येऊ द्या.

शेवटची एक गोष्ट. आपल्या सोसायटीत लायसन्स काढून घरी बसलेल्या निदान सहा जणी आहेत, मला माहीत आहे. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला गेटवर या. डाव्या सीटवर मी बसेन. आणि "ब्रेक" म्हणणार नाही, असा प्रयत्न करीन.