हातपाय गरम झाले का?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही. मुंबईत ३२ वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यातली बरीचशी हृदयरुग्णांच्या वॉर्डात. म्हणून 'हृदयावर चार शब्द बोल' असं मला सांगण्यात आलं. साठी ओलांडलेल्या मंडळींपुढे बीपी-शुगरवरही बोलता आलं असतं. पण मला आपल्या वर्गातल्या एका मुलाबद्दल बोलायचं आहे. त्याची बहीण इथे बसली आहे, तिला विचारूनच बोलते आहे.

तिसऱ्या बाकावर बसणारा तो. आठवीत असताना, १९७५ च्या दिवाळीच्या सुट्टीत पेंढा काढताना त्याच्या बोटाला लाल विंचू चावला. घरच्यांनी दंडाला दोरी बांधली, उतरवणाऱ्याला बोलावलं. रात्री ओकाऱ्या सुरू झाल्या, घामानं अंथरूण भिजलं, हातपाय गार पडले. पहाटे तोंडाला फेस आला आणि तो गेला. त्याची आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "दोरी मीच सैल बांधली."

हृदय म्हणजे मुठीएवढा स्नायू. त्याची उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे पाठवते. तिथे प्राणवायू घेऊन ते डाव्या बाजूला येतं आणि डावी बाजू ते सगळ्या अंगभर ढकलते. आपण नुसते बसलेलो असतानाही मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरतं. दिवसाचे ठोके १ लाखाच्या घरात जातात.

लाल विंचवाचं विष नसांना चेतवतं. एरवी घाबरल्यावर शरीरात थोडीशी सुटणारी द्रव्यं एकदम लोटासारखी सुटतात. लहान रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो. कातडीपर्यंत रक्त पोचत नाही, म्हणून हातपाय गार पडतात.

पुढचं महाडकरांना समजावून सांगायला नको. सावित्री आणि गांधारीला पूर असतो, त्याच वेळी खाडीला भरती येते. पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते मागे फुगून बाजारपेठेत शिरतं. हृदयाचंही तसंच होतं. आवळलेल्या वाहिन्यांपुढे डावी बाजू थकते, विषाच्या माऱ्यानं स्नायूही दुबळा होतो. मागचं रक्त फुप्फुसांत तुंबतं आणि त्यातलं पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपतं. तो फेस या पाण्याचा होता.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून ते नोंदी करत. ओकारी, भरपूर घाम, गार हातपाय ही हृदयावरच्या संकटाची आधी मिळणारी सूचना आहे, हे त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडलं. पुढे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरली. थकलेल्या हृदयाला आणखी दामटायचं नाही, आवळलेल्या वाहिन्या सैल करायच्या, हा त्यातला विचार. १९८६ साली तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरातले चाळीसपर्यंत दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. नंतर प्रतिविषाचीही जोड मिळाली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांनी २०११ साली दाखवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

गोळी दिल्यावर पाहायचं काय? सुधारणेची मोठी खूण म्हणजे हातपाय गरम होणं. ते हाताला कळतं, त्याला यंत्र लागत नाही. वॉर्डात कुठल्याही रुग्णाचा तळवा हातात घेतला की मला आपला वर्ग आठवायचा.

म्हणून ताई, तुला आज सगळ्यांसमोर सांगते. आईची दोरी सैल नव्हती. दोरी कितीही घट्ट बांधली असती तरी उपयोग नव्हता. विंचवावर ही गोळी चालते हे त्या दिवाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तुमच्या घरात कुणाचीही चूक झाली नाही.

आज मात्र ठाऊक आहे. तुमच्यापैकी अनेकांची घरं अजून पोलादपूरच्या वाड्यांवर आहेत, नातवंडं सुट्टीत येतात. लाकूडफाटा, पेंढा, दगड उचलताना जपा, चपला झटकून घाला. विंचू चावलाच तर दोरी नको, चिरा नको, उतरवणं नको. मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा. मोठ्या माणसाला घाम सुटला, ओकारी झाली, हातपाय गार पडले तर एक मिनिटही घालवू नका.

एवढंच सांगायचं होतं. आता जेवायला जाण्याआधी शेजारच्याचा हात एकदा हातात घ्या. गरम आहे ना? मग झालं.