निंदणे

मंडळी, आज एकच शब्द शिकू. फळ्यावर लिहितो : निंदणे. 'नि'वर टिंब आहे, बरं का.

या शब्दाचे अर्थ दोन. पहिला हाताचा. शेतातले तण काढणे म्हणजे निंदणे. आपण भाताची बेणणी करतो, तेच हे काम. दुसरा अर्थ तोंडाचा. कुणाला नावे ठेवणे, वाईट म्हणणे, म्हणजेही निंदणे.

मी मास्तर असताना एका मुलाला चारचौघांत 'आळशी' म्हणून निंदले. तो पुन्हा शाळेत आला नाही. मागाहून कळले, घरी भातलावणी चालू होती. पोर पहाटेपासून चिखलात राबत होते. तण समजून मी रोपच उपटले. चूक माझी.

कोवळे तण भातासारखेच दिसते. जाणती बाई आधी निरखते, मग उपटते. बोलतानाही तसेच करावे.

मग अन्याय दिसला तर गप्प बसावे काय? नाही. त्यासाठी 'निषेध' हा शब्द आहे. निंदा माणसाची होते, निषेध कृत्याचा. १९२१ साली शेजारच्या मुळशीत धरणाखाली जमिनी जाणार होत्या. शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तो निषेध.

आता वहीत लिहा : तण काढा, रोप राखा.