मीटरचा मंद उजेड: बल्ब बदलण्याआधी



आज जुन्या पिकअपच्या मीटरमधल्या उजेडाबद्दल बोलू. टाटा २०७, बोलेरो पिकअप, त्याही आधीची १९८८ साली आलेली टाटामोबाइल, अशा गाड्यांवर आजही अनेकांची पोटं चालतात. रात्री माल भरायचा, पहाटे मंडईत उतरवायचा. म्हणजे या गाड्यांचं निम्मं आयुष्य अंधारात जातं. आणि नेमका तेव्हाच मीटर दिसत नाही. किती स्पीड आहे ते कळत नाही, डिझेलचा काटा कुठे आहे ते वाकून बघावं लागतं, आणि टेम्परेचरचा काटा तर कुणी बघतच नाही. घाट चढताना रेडिएटरचा पाइप गळायला लागला, तर तुम्हाला पहिली खबर देणारा तोच एक काटा असतो. तो दिसला नाही तर हेड गॅस्केटचा खर्च, आणि नशीब वाईट असेल तर पूर्ण इंजिनाचा.

अशी गाडी दुकानात नेली की दोन सल्ले ठरलेले. एक, ‘एलईडी टाका.’ दोन, ‘मीटरच बदला.’ दोन्ही सल्ले मोजमाप न करता दिलेले असतात. तुम्ही आज ज्या गावी असाल, बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, तिथल्या मिस्त्रीशी कदाचित कन्नडमध्ये, हिंदीत, गुजरातीत किंवा तेलुगूत बोलावं लागत असेल. पण अर्थ, फ्यूज, होल्डर, मीटर हे शब्द सगळीकडे चालतात. तेवढ्यावर काम होतं, फक्त काय विचारायचं ते माहीत पाहिजे.

हत्यार हातात घेण्याआधी गाडी अंधारात उभी करा, इंजिन चालू ठेवा, पार्किंग लाइट लावा आणि नुसतं बघा. सगळा मीटर सारखाच मंद आहे, की एकच कोपरा काळा आहे? एकच कोपरा असेल तर तिथला बल्ब, नाहीतर त्याचा होल्डर. सगळा मीटर सारखा मंद असेल तर सगळे बल्ब एकदम म्हातारे झाले असं सहसा होत नाही. सगळ्यांना मिळून जी वाट आहे तिथे काहीतरी अडलंय. मग बाहेर जाऊन पार्किंगचे दिवे बघा. बहुतेक गाड्यांत मीटरचा उजेड पार्किंगच्याच लाइनवर असतो. तेही मंद असतील तर दोष आणखी मागे आहे, लाइटच्या स्विचमध्ये किंवा फ्यूज बॉक्समध्ये.

आता इंडिकेटर लावा. इंडिकेटरबरोबर मीटरचा उजेडही धडधडतो का? ब्रेक दाबला, वायपर चालवला की उजेड आणखी पडतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाइट लावताच डिझेलचा किंवा टेम्परेचरचा काटा जागचा हलतो का? हलत असेल तर माझा पहिला संशय अर्थवर. अशा वेळी प्रश्न उजेडापुरता राहत नाही, काटाच खोटं बोलतोय. असा मीटर एलईडीने लख्ख केलात तर खोटा आकडा स्वच्छ दिसेल, एवढंच.

बल्बचा स्वभाव जरा समजून घेऊ. तारेचा बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक. व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड १० टक्के नाही, जवळजवळ ३० टक्के कमी होतो. १२ व्होल्टच्या जागी १० व्होल्ट पोचले तर उजेड जेमतेम निम्मा उरतो. म्हणजे वाटेत दोन व्होल्ट सांडले की तुमचा मीटर अर्धा अंधारात. हे दोन व्होल्ट सांडतात कुठे, तेवढंच शोधायचं.

समजा मीटरमध्ये ३ वॅटचे पाच बल्ब आहेत. मिळून १५ वॅट, म्हणजे साधारण सव्वा अँपिअर. वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या जोडात फक्त एक ओहम अडथळा तयार झाला तर सव्वा व्होल्टच्या आसपास तिथेच खर्ची पडतात. एक ओहम म्हणजे काय, तर बोल्टखाली बसलेला थोडासा गंज. यावर काही जण मोठ्या वॅटचे बल्ब घालतात. त्याने काय होतं? करंट वाढतो, त्या गंजलेल्या जोडात आणखी व्होल्टेज सांडतं, आणि वर प्लास्टिकचे होल्डर वितळतात. जिथे ३ वॅटचा बल्ब आहे तिथे ३ वॅटचाच घालावा.

मोजायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा. पहिलं माप बॅटरीवर, इंजिन चालू असताना. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवं. इथेच कमी असेल तर मीटरला हात लावू नका, अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा बघा. दुसरं माप अर्थचं. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी मीटरच्या मागच्या अर्थ वायरवर. बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत तार पुरणार नाही, म्हणून साधी लांब वायर जोडून घ्या. दिवे चालू ठेवूनच मोजा. दिवे बंद असले की करंट वाहत नाही, आणि करंट नसेल तर गंजलेला जोडसुद्धा निर्दोष दिसतो. अनेक दुकानांत माप घेतात ते बंद दिव्यांवर, आणि मग म्हणतात, ‘अर्थ ओके आहे साहेब.’ चालू दिव्यांवर ०.१, फार तर ०.२ व्होल्ट आले तर ठीक. अर्धा, एक, दीड आले तर चोर सापडला.

मग त्या अर्थ वायरचा माग काढायचा. ती डॅशबोर्डच्या आत कुठेतरी बॉडीला बोल्टने कसलेली असते. समोरच्या काचेच्या रबरातून पावसाचं पाणी झिरपतं ते बरेचदा त्याच भागात उतरतं. कोकण, गोवा, कुठल्याही किनाऱ्यावर गाडी वाढली असेल तर मिठाची हवा वेगळीच. बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चमकतं लोखंड दिसेपर्यंत घासा, वायरच्या टोकाची रिंग घासा, दातेरी वॉशर घालून घट्ट कसा. कसून झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन लावा, म्हणजे ओल आत जाणार नाही. बॉडी आणि चॅसीला जोडणारी, इंजिनकडून येणारी जाड अर्थ पट्टीही त्याच फेरीत बघून घ्या. खर्च शून्याच्या जवळ, आणि कितीतरी मंद मीटर इथेच सुधारतात.

अर्थ चांगला निघाला, तर येणारी बाजू. काही गाड्यांत डॅशबोर्डवर उजेड कमीजास्त करायचं फिरकं असतं, त्याला डिमर किंवा रिओस्टॅट म्हणतात. आत तारेचं वेटोळं आणि त्यावर सरकणारा पत्रा. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिला की पत्र्याखाली काजळी धरते. बॅटरी जोडलेली असताना त्याच्या दोन टोकांना क्षणभर वायरने सांधून बघा. मीटर एकदम उजळला तर दोषी तोच. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून फिरकं दोन्हीकडे पंचवीस-तीस वेळा फिरवलं तर पुष्कळदा सुधारतो.

आणि एक आपल्याकडची खास गोष्ट. मीटरच्या उजेडाच्या वायरवरून मागाहून काय काय जोडलेलं असतं ते बघा. टेपचा उजेड, रंगीत पट्ट्या, मोबाइलचा चार्जर, आणि देवाच्या फोटोपुढचा छोटा दिवा. वायर सोलायची, दुसरी तिच्यावर गुंडाळायची, वर टेप. तो टेप दोन उन्हाळ्यांत सुटतो आणि आतलं तांबं हिरवं पडतं. देवाचा दिवा जरूर ठेवा, पण त्याला वेगळ्या फ्यूजवरून स्वतंत्र वायर द्या.

एवढं करूनही समाधान नसेल तरच मीटर बाहेर काढा. आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा. मोबाइलवर फोटो काढा, कुठला सॉकेट कुठे होता ते नंतर आठवत नाही. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल मागून अडकवलेली असते; मीटर पुढे खेचायच्या आधी ती सोडवावी, नाहीतर मागची प्लास्टिकची मान तुटते. मीटरच्या पाठीला पातळ प्लास्टिकचा पापुद्रा दिसेल, त्यावर तांब्याच्या पट्ट्या. तेच मीटरचं वायरिंग. होल्डर पाव आटा फिरवला की बाहेर येतो. त्याचे पितळी पाय आणि ते जिथे टेकतात ती तांब्याची जागा काळी पडलेली असते. इथे पॉलिश पेपर नको, पट्टी फार पातळ असते. शाळेतला खोडरबर घ्या, हलक्या हाताने घासा. होल्डरचे पाय किंचित बाहेर वाकवा म्हणजे ते घट्ट टेकतील. काच आतून काळी पडलेला बल्ब चालू असला तरी बदला.

मग आतल्या भिंती बघा. मुळात पांढऱ्या असतात, कारण बल्बचा उजेड त्यांच्यावरूनच डायलकडे फेकला जातो. उष्णतेने आणि धुळीने त्या पिवळट, करड्या होतात. पुसून उपयोग नसेल तर पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात द्या. डायलच्या आकड्यांना आणि काट्यांना स्पिरिट, पेट्रोल, थिनर काही लावायचं नाही. पुढची पारदर्शक काच प्लास्टिकची असते, तिलाही नाही. साबणाचं पाणी आणि मऊ कापड बस्स.

आता एलईडी. माझा एलईडीला विरोध नाही. उजेडाच्या बल्बांच्या जागी चालतात. उलटसुलट बसतात, म्हणून पेटला नाही तर काढून फिरवून घाला. डिमरशी त्यांचं नीट जमत नाही. पण बॅटरीच्या चिन्हाचा जो लाल दिवा असतो, तिथे एलईडी घालू नका. जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारा सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून जातो. एलईडीतून तो पुरेसा जात नाही. मग इंजिन चालू होतं, लाल दिवा चकवतो, चार्जिंग उशिरा सुरू होतं किंवा होतच नाही, आणि दोन दिवसांनी धक्का मारायला माणसं शोधावी लागतात. मिस्त्रीला हे एक वाक्य आवर्जून सांगा: चार्जिंगचा बल्ब आहे तो तारेचाच राहू दे.

शेवटी डोळ्यांचं. माझ्यासारख्या साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या मुलाच्या मानाने साधारण एक-तृतीयांश उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळं होतं. म्हणून मुलगा म्हणतो ‘दिसतंय की’, आणि बापाला दिसत नाही. दोघंही खरं बोलत असतात. मोतीबिंदू तपासून घ्या, तो मल्टिमीटरवर दिसत नाही.

पण याचा अर्थ मीटर दिवाळीसारखा पेटवायचा असा नाही. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. फौजेत ब्लॅकआउटमध्ये ताफा जातो तेव्हा पुढच्या ट्रकचा पांढरा रंगवलेला डिफरन्शियल आणि त्यावर पडणारा एका छोट्या दिव्याचा उजेड, एवढ्या खुणेवर मागचा ड्रायव्हर चालवतो. त्याच्या केबिनमध्ये झगझगीत मीटर असता तर तो डिफरन्शियल त्याला दिसला नसता. रस्त्याकडेला बैलगाडी, बंद पडलेला ट्रॅक्टर, दिवा नसलेली सायकल यांचंही तसंच आहे. म्हणून सगळं दुरुस्त झाल्यावर गाडी गावाबाहेर दिवे नसलेल्या रस्त्यावर न्या, थोडा वेळ थांबा, आणि डिमर हळूहळू कमी करत जा. टेम्परेचरचा काटा एका नजरेत वाचता येतो, त्याच्या खाली जाऊ नका.