वलणीसारखी तार, मुंबईपर्यंत निरोप



आज हप्त्यांचा हिशेब नाही की कर्जाचे फॉर्म नाहीत. आज एका तारेबद्दल बोलायचं आहे. गेल्या बैठकीत शाळेच्या मैदानावर तार ताणायचा विषय निघाला तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं, आपला रेडिओ आहे की, मग ही तार कशाला? आणि एका खांबावरून चार-चार तारा कशाला? एक आजी तर म्हणाल्या, "एवढी लांब वलण कुणाचे कपडे वाळवायला गं?" दिसायला ती वलणच आहे, आजी. काम मात्र निराळं आहे.

कृष्णाकाठच्या बायकांना पूर वेगळा सांगायला नको. २०१९ चा ऑगस्ट, मग २०२१ चा जुलै. आमच्या गावात दोन्ही वेळा आधी वीज गेली, मग मोबाइलच्या मनोऱ्याची बॅटरी उतरली, आणि डिझेल आणायला रस्ताच उरला नाही. आमच्या गटातल्या एका ताईंची लेक तालुक्याच्या गावी बाळंत झाली, ती बातमी तिसऱ्या दिवशी होडीतून आलेल्या माणसानं सांगितली. तीन दिवस त्या माउलीनं घास गिळला नव्हता.

त्यानंतर गावातल्या गटांनी ठरवलं की मनोऱ्यावर आणि विजेवर अवलंबून नसलेली निरोपाची एक वाट आपल्याकडे हवी. ती म्हणजे हौशी रेडिओ, त्यालाच हॅम रेडिओ म्हणतात. एक संच, बारा व्होल्टची बॅटरी आणि ही तार. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम रेडिओवाल्या बाई अंदमानात, पोर्ट ब्लेअरला आपलं केंद्र चालवत होत्या. बेटांवरचे टेलिफोन बंद पडले आणि त्यांच्या केंद्रावरून लोकांच्या खुशालीचे निरोप समुद्रापलीकडे जाऊ लागले. पोर्ट ब्लेअर ते चेन्नई हे अंतर हजार किलोमीटरहून जास्त आहे.

आता तुम्ही म्हणाल, आपला हा रेडिओ तर दहा-पंधरा किलोमीटरवर ऐकू येईनासा होतो. बरोबर आहे. आपलं केंद्र ९० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतं, म्हणजे तारेतली वीज सेकंदाला नऊ कोटी वेळा मागे-पुढे हलते. एवढ्या वेगाच्या लहरी सरळ जातात आणि आभाळ भेदून निघून जातात. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र वर शंभर-तीनशे किलोमीटरवर हवेचा जो विजेनं भारलेला थर आहे, त्यावरून वळून परत जमिनीवर येतात. पाणी कितीही पसरलं तरी त्यांना अडचण नाही, कारण त्या डोक्यावरून जातात.

हा थर सूर्याच्या उन्हानं तयार होतो. म्हणून दिवसाचं आभाळ वेगळं आणि रात्रीचं वेगळं. आपल्यापासून दोन-तीनशे किलोमीटरवर, म्हणजे पुणे-मुंबईपर्यंत बोलायचं तर दिवसा ७ मेगाहर्ट्झ चांगलं चालतं. अंधार पडला की थर विरळ होतो, ७ च्या लहरी आपल्या डोक्यावरून लांब कुठंतरी जाऊन पडतात आणि जवळचा माणूस ऐकू येत नाही. तेव्हा साडेतीन मेगाहर्ट्झवर उतरावं लागतं. दूर परदेशात बोलायचं तर दिवसा १४ किंवा २१. या प्रत्येक ठिकाणाला बँड म्हणतात. पूर काही घड्याळ बघून येत नाही, म्हणून आपल्याला निदान दोन बँड हवेतच.

मग एकच तार सगळीकडे का चालत नाही? त्यासाठी परात घ्या. अर्धी पाण्यानं भरा आणि हळूच हलवा. पाणी या कडेकडून त्या कडेला हिंदकळतं. लहान परातीत ते पटपट हिंदकळतं, मोठ्या परातीत सावकाश. तिच्या चालीनं हलवलं तर थोड्या जोरात मोठी लाट उठते. चाल चुकली की नुसते शिंतोडे.

तारेत वीज अशीच हिंदकळते. मधोमध तोडलेली तार, दोन्ही बाजूंना सारखे हात, आणि मध्ये संचाकडून आलेली केबल. याला डायपोल म्हणतात. तिची लांबी लहरीच्या अर्धी असली की वीज चालीत हिंदकळते आणि बहुतेक सगळी शक्ती आभाळात जाते. लांबी काढायचा हिशेब सोपा आहे. १४३ ला मेगाहर्ट्झच्या आकड्यानं भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. ७.१ साठी साधारण २० मीटर, म्हणजे प्रत्येक हात १० मीटर. ३.६ साठी जवळजवळ ४० मीटर, प्रत्येक हात २० मीटर.

इथं कुणालाही वाटेल की साडेतीनला लांब तार लागतेच आहे, मग तीच ७ ला वापरू. नेमकं तेच जमत नाही. पुन्हा परातीकडे बघा. साध्या हिंदकळण्यात पाणी कडांना वर-खाली होतं आणि मधोमध आडवं वाहतं. आपण वीज मधोमध देतो, तिथं वाहतं पाणी आहे, म्हणून ते सहज घेतलं जातं. चाल दुप्पट केली की लांब परातीत पाणी दोन तुकड्यांत हिंदकळतं, आणि बरोबर मध्यावर ते नुसतं वर-खाली उसळतं, आडवं वाहतच नाही. तिथं आडवा धक्का देऊन काय होणार? तार वीज घ्यायला नकार देते आणि बरीचशी शक्ती केबलमधून संचाकडे परत येते. ७ हे साडेतीनच्या दुप्पट, १४ हे ७ च्या दुप्पट. दोन्हीकडे हीच अडचण. तिप्पट चालीला मात्र मध्यावर पुन्हा वाहतं पाणी येतं. म्हणून ७ ची तार २१ वर बऱ्यापैकी चालते, अगदी जागेवर नाही, थोडी वर सरकून. फुकटात मिळालेला बँड आहे तो, सोडू नये.

यावर लोकांनी काढलेल्या तोडग्यांपैकी आपण निवडलेला सगळ्यात साधा आहे. एकाच केबलच्या टोकाला दोन जोड्या जोडायच्या, एक लांब, एक आखूड. ७ वर बोलताना लांब जोडी नकार देते, म्हणून वीज आखूड जोडीत जाते. साडेतीनवर बोलताना आखूड जोडी वीज घेत नाही, ती लांब जोडीत जाते. शेतात पाटाला दोन बारी काढली तर उतार असेल त्या बारीत पाणी आपोआप जातं, तसंच. कुठलं बटण नाही, मोडणारा भाग नाही. आजींनी विचारलेल्या चार तारा त्या याच: दोन जोड्यांचे चार हात.

दुसरा तोडगा म्हणजे तारेत मध्येच ट्रॅप बसवायचे. ट्रॅप म्हणजे तारेचं वेटोळं आणि कपॅसिटर. तो एका ठरावीक बँडला बांधासारखा अडवतो, म्हणजे ७ ची वीज १० मीटरवर थांबते आणि साडेतीनची पुढं जाते. वेटोळ्यामुळे साडेतीनला तार थोडी आखूड पुरते, अंगण लहान असेल त्यांना हे बरं. पण ट्रॅपमध्ये थोडी शक्ती उष्णतेत जाते, आणि पावसाळ्यात त्यात पाणी शिरलं की दुरुस्तीला कोण येणार? तिसरा प्रकार, शिडीसारख्या दोन समांतर तारांनी वीज न्यायची आणि घरात ट्यूनरनं जुळवून घ्यायची. तोही उत्तम आहे, फक्त प्रत्येक वेळी ट्यूनरच्या खुंट्या फिरवाव्या लागतात. घाईगर्दीत, कंदिलाच्या उजेडात, नवशिक्या बाईला सोपं काय पडेल हा विचार करून मी चार तारांच्या बाजूनं मत दिलं.

खांब फार उंच नको, हीसुद्धा आपल्या सोयीची गोष्ट. परदेशात बोलायचं तर तार खूप उंच लागते. जवळ बोलायचं तर सात-आठ मीटरवरची तार लहरी सरळ वर पाठवते आणि त्या छत्रीसारख्या चहूबाजूंना दोन-तीनशे किलोमीटरवर उतरतात. म्हणून मधोमध एक खांब, त्यावर चारही तारांचं मूळ, आणि हात चार दिशांना उतरते. लांब जोडी पूर्व-पश्चिम, आखूड जोडी दक्षिण-उत्तर, म्हणजे त्या एकमेकींच्या कामात कमी ढवळाढवळ करतात. समोरासमोरच्या दोन हातांमधला कोन काटकोनापेक्षा पसरटच ठेवायचा.

दोन गोष्टी ठणकावून सांगते. विजेच्या खांबाजवळ किंवा वाहत्या तारांखाली हे काम कधीही करायचं नाही. तार निसटली तर जीव जाईल. आणि संच बोलत असताना तारेच्या टोकांवर मोठा विजेचा दाब असतो, म्हणून टोकं पोरांच्या हाताला लागणार नाहीत एवढी उंच हवीत. ढग गडगडायला लागले की केबल संचापासून काढून घराबाहेर ठेवायची.

संचावर बोलायला केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, त्याची परीक्षा असते, आणि वय १२ पूर्ण असलं तरी ती देता येते. आपल्या गटांतल्या चौघी अभ्यासाला बसल्या आहेत. गावातल्या निवृत्त गुरुजींकडे परवाना आहे, तेच शिकवतात. या रेडिओवर धंद्याचं बोलायला बंदी आहे, तेव्हा लोणच्याच्या ऑर्डरी फोनवरच घ्या.

येत्या रविवारी सकाळी दहाला मैदानावर तार मोजायची आहे. ज्यांच्याकडे शेत मोजायचा टेप आहे त्यांनी आणावा. नायलॉनची दोरी आणि पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे लागतील, टोकं बांधायला. घरातल्या वायरिंगची तांब्याची तार चालते. तिच्यावर प्लॅस्टिक असल्यामुळे हिशेबापेक्षा किंचित आखूड लागेल. तरी कापताना प्रत्येक हात अर्धा मीटर जास्तच ठेवू. गुरुजी मीटर लावून बघतील किती शक्ती परत येते ते. आधी लांब जोडी जुळवायची, मग आखूड, मग पुन्हा लांब तपासायची, आणि दोन्ही हातांची टोकं सारखीच, बोट-दोन बोटं करत कमी करायची.