ज्याचे पाणी त्याच्या आवारात



कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत यावे ते बोनस, महागाई आणि संप यांवर बोलण्यासाठी, अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही आज गटारांवर बोलणार आहोत. आम्ही इंजिनिअर नव्हे. पाणी कोणाच्या घरात शिरते हे कळावयास आम्हाला पुस्तक लागले नाही. ते का शिरते, एवढे मात्र पुस्तके चाळून शिकावे लागले.

परळ-दादरच्या दरम्यान हिंदमाता म्हणून भाग आहे. तो बशीसारखा खोलगट. चहूकडचे पाणी तेथे गोळा होते. मुंबईची जुनी गटारे तासाला 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेली. ती क्षमता 50 मिलिमीटर करावी असा अहवाल 1993 साली झाला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यात आणखी भरतीची गोष्ट. भरती चढली की गटारांची समुद्राकडची तोंडे पाण्याखाली जातात आणि आतले पाणी अडते. नुसते गटार रुंद करून त्या वेळी भागत नाही. पाणी काही तास कोठेतरी थांबलेच पाहिजे. ते कोठे थांबावे, हा खरा प्रश्न. आजवर ते तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांत थांबत आले.

गिरण्यांच्या जमिनींबाबत 1991 साली नियम झाला होता. एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक घरबांधणीसाठी गृहनिर्माण मंडळाला, एक मालकाला. 2001 साली तो बदलला आणि वाटणी मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयात तो बदल टिकला. त्या काळात आम्ही कामगारांच्या घरांसाठी भांडलो. मैदानांसाठी तितक्या जोराने भांडलो नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. मोकळी जमीन म्हणजे पोरांना खेळावयास जागा, एवढीच आमची समजूत. ती पाण्याचीही जागा असते, हे उशिरा उमगले.

हिशेब साधा आहे. एक हजार चौरस मीटरच्या आवारात तासात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 50,000 लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचे पाच टँकर. जमीन माती-गवताची असेल तर त्यातले काही मुरते, काही रेंगाळते. तिच्यावर काँक्रीट आणि फरशी आली की जवळजवळ सगळेच काही मिनिटांत रस्त्यावर येते. शिवाय नवी इमारत भराव घालून उंच केलेली. तिचा वॉचमन कोरडा, समोरच्या चाळीतली म्हातारी गुडघाभर पाण्यात.

आता नियम पाहू. मुंबई वगळून बहुतेक महाराष्ट्रासाठी 2020 साली एकत्रित नियमावली झाली. तीत नदीकाठी दोन पूररेषा मानल्या आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत, किरकोळ अपवाद सोडता, बांधकाम नाही. दोहोंच्या मध्ये बांधावयाचे तर जोते लाल रेषेच्या 45 सेंटिमीटर वर घ्यावे. नियम चांगला, पण अर्धा. ‘तुझे घर बुडेल काय?’ असे तो विचारतो. ‘तुझ्या भरावाने कोणाचे बुडेल?’ हे त्या कलमात येत नाही.

पाऊसपाणी साठवण्याचा नियम आहे ना, असे कोणी म्हणेल. तो नियम हवाच. पण वापरासाठीची टाकी भरलेली असावी लागते आणि पुरासाठीची रिकामी. जूनमध्येच काठोकाठ भरलेली टाकी जुलैच्या ढगफुटीला काय अडवणार?

वेल्समध्ये 7 जानेवारी 2019 पासून कायदा लागू झाला. एकाहून अधिक घरे बांधावयाची असोत, किंवा बांधकाम 100 चौरस मीटर वा अधिक असो, पावसाच्या पाण्याची व्यवस्था आधी स्वतंत्रपणे मंजूर करून घ्यावी लागते. तोपर्यंत कुदळ मारता येत नाही. आपल्याकडे इमारती आधी उठतात आणि पाण्याचा विचार मागाहून होतो. 2021 पासून हिंदमाताचे पाणी भरती ओसरेपर्यंत धरून ठेवण्यासाठी महापालिकेने मैदानांखाली टाक्या बांधल्या. हे काम योग्यच झाले. परंतु फरशी खाजगी, नफा खाजगी, आणि टाकी तेवढी सार्वजनिक खर्चाने!

आमच्या मागण्या तीन. पहिली, बांधकामानंतर आवारातून बाहेर पडणारे पाणी बांधकामापूर्वीपेक्षा वेगाने वा अधिक पडू नये. जादा पाणी आवारातच धरावे आणि सावकाश सोडावे. दुसरी, मोकळी जागा खरोखर जमिनीवर असावी. खाली तळघर आणि वर कुंड्या, याला जमीन म्हणू नये. तिसरी, टाकीच्या देखभालीची जबाबदारी मंजुरीच्या कागदावरच लिहिलेली असावी. गाळ यंत्राने निघेल अशीच तिची रचना हवी. गटारात माणूस उतरवून धोक्याची सफाई करवून घेण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. पूर अडवण्यासाठी बांधलेल्या टाकीत आमच्या सफाई कामगाराचा जीव जाता कामा नये.

याने घरे महाग होतील, असे बांधणारे सांगतील. खर्च येईल, हे खरे. पण तो खर्च आजही होतोच. तो भिजलेल्या गादीत होतो, बुडालेल्या पिठाच्या डब्यात होतो, कापलेल्या खाड्यात होतो. त्याची पावती कोणी देत नाही, म्हणून तो हिशेबात दिसत नाही. तो हिशेबात आणणे हे आम्ही युनियनचेच काम समजतो.